चार अंशांवर साडेसात

विद्यापीठाच्या एका छापील कागदावर माझ्या मुलीबद्दल दोन शब्द लिहिलेले आहेत: गती असमाधानकारक. खाली तीन सह्या आहेत. सह्यांसाठी त्या कागदावर भरपूर जागा आहे, शिक्क्यासाठी चौकोन आहे, पण जिच्याबद्दल तो कागद आहे तिला काही म्हणायचं असेल तर एक रेघसुद्धा नाही. म्हणून मी इथे लिहिते आहे. गती म्हणजे काय आणि असमाधान कुणाचं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

तिला घरात सगळे गोगल म्हणतात. हे नाव तिच्या आत्यानं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं ठेवलं. पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही सगळे बाहेर निघालो होतो, नणंद दारात किल्ली हलवत उभी, आणि ही उंबऱ्यावर बसून चपलेचा बंद लावत होती. लावायचा, उभं राहून बघायचं, पटलं नाही की पुन्हा बसून काढायचा.

"वहिनी, ही पोरगी आहे की गोगलगाय गं?" नणंद म्हणाली. "गोगलगाईला चपला घेऊन देणारी आई मी पहिल्यांदाच बघतेय."

सगळे हसले, मीही हसले. गोगलगाईचं पुढे गोगल झालं. दहाव्या वर्षी तिला चष्मा लागला, तेव्हापासून नव्या माणसांना वाटतं की नाव चष्म्यावरूनच पडलं. आम्ही तो गैरसमज दूर करत नाही.

ती हळू होती, यात वादच नाही. ती जेवत असायची तोवर सगळ्यांची ताटं धुऊन फडताळात जायची. परीक्षेत शेवटची घंटा झाली तरी हिची मान वर नाही. बाई हातातून पेपर ओढून घ्यायच्या. पण आळशी माणसाचं हळू आणि हिचं हळू यांत फरक होता. आळशी माणूस काम टाळतो, ही काम संपलं तरी सोडत नसे.

दुधाचंच बघा. मी गरम दुधात साखर घालून, ढवळून कप पुढे ठेवायचे, तर ती हात लावायची नाही. साखर आधी घालायची नाही. दूध गार होऊ द्यायचं, चाखायचं, मग साखर.

"अगं, गरम असतानाच साखर नीट विरघळते," मी सांगायचे.

"पण मी गार पिणार आहे ना? मग गार असतानाच बघायला नको का, किती गोड झालंय?"

पाच वर्षांची होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पहिल्या वर्गात आलेली. "नंतर सांगते," म्हणाले, आणि सुटका करून घेतली.

हा नंतर शब्द मला वारसाहक्कानं मिळालेला आहे. माझा एम.एस्सी.चा अर्ज भरून तयार होता तेव्हा लग्न ठरलं. वडील म्हणाले, "एम.एस्सी. काय पळून जाते? नंतर कर." सासूबाई म्हणाल्या, "नंतर कर की, आम्ही कुठे नाही म्हणतोय?" खरोखरच कुणी नाही म्हणालं नाही. त्यातच तर सगळं कसब आहे. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. नंतर म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? तो तर आपल्याच बाजूचा असतो. मग मी शहराच्या पाणी तपासणी केंद्रात लागले. तेवीस वर्षं झाली, बाटल्यांमधलं पाणी तपासते: रंग, वास, गढूळपणा, पीएच. पीएच म्हणजे पाणी आंबटाकडे किती झुकतं आणि सोड्याकडे किती, याचा आकडा समजा. शास्त्रात ते इतकं सोपं नाही, पण इथे तेवढं पुरे.

गोगल बारावी झाली तेव्हा विद्यापीठाची जाहिरात आली. जीवरसायनशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा जलद एकत्रित अभ्यासक्रम. नेहमीच्या वाटेनं चार वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी., एकूण सहा. इथे चौथ्या वर्षाचे काही विषय दोन्ही पदव्यांत धरायचे आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या हातात. लोकांना वाचणाऱ्या एका वर्षाचं अप्रूप वाटलं. मला त्याचं काहीच नव्हतं. मला आवडलं ते असं, की दोन पदव्यांच्या मध्ये फट नव्हती. माझी एम.एस्सी. ज्या फटीत पडली आणि अजून सापडली नाही, ती फटच या लोकांनी लिंपून टाकली होती. तिथे उभं राहून नंतर म्हणायला कुणाला जागा उरली नव्हती.

"गोगलगाईला जलद अभ्यासक्रमात घालतेस?" तिचे बाबा म्हणाले.

"गोगलगाय आगगाडीत बसली की आगगाडीच्याच वेगानं जाते."

"हो. मध्येच उतरवली नाही तर."

मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. आता वाटतं, त्या घरात त्या दिवशी एकच माणूस शहाणपणाचं बोलला आणि त्याला मी गप्प बसवलं.

विभागाची इमारत दुमजली. खाली रसायन, वर जीवरसायन, मध्ये चौतीस पायऱ्या. खालचे वरच्यांना लगदावाले म्हणतात, कारण ते दिवसभर काहीतरी वाटून त्याचा लगदा करत असतात. वरचे खालच्यांना धूरवाले म्हणतात. दोन्हीकडचे लोक चहाला एकाच टपरीवर जातात, पण दोन बाकांवर बसतात. गोगल दोन्हीकडची, म्हणजे कुणाचीच नाही. ती दिवसातून दहा वेळा त्या पायऱ्या चढायची-उतरायची आणि चहा उभ्यानं प्यायची. तीन वर्षं तिनं असे दोन संसार सांभाळले. मार्क चांगले होते. झोप कमी होती. मी डबा भरून द्यायचे, तो अर्धा परत यायचा, कारण जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची आणि हिचं जेवण पाऊण तासाचं.

चौथ्या वर्षी तिला मार्गदर्शक मॅडम मिळाल्या. बाई हुशार, कष्टाळू, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. त्यांच्या गटानं एक एन्झाइम शोधलं होतं. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या पेशींत कामं उरकणारा रेणू. थंडीत बहुतेकांचे हातपाय गारठतात. हे मात्र थंडीतही बऱ्यापैकी काम करायचं. खोलीच्या तापमानाला त्याची ताकद शंभर धरली, तर चार अंशांवर ती साठ उरते, असं आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी मोजलं होतं. गोगलनं तेच मोजून साठ आणायचे, म्हणजे पहिला टप्पा पूर्ण, मग पुढचं काम. तीन आठवड्यांचा मामला.

हिचे आले एक्केचाळीस.

पुन्हा केलं, चाळीस. तिसऱ्यांदा, बेचाळीस. मोजायचं काम चालायचं चार अंशांच्या कोल्डरूममध्ये. मी ती खोली एकदा पाहिली आहे. जाड दार, लांब दांड्याची कडी, आत सतत घुंई आवाज, आणि बाहेर खिळ्याला सगळ्यांसाठी मिळून एकच कोट, ज्याला एकही बटण नाही. ती घरी यायची तेव्हा तिची बोटं काकडलेली असायची. दप्तर खाली ठेवून आधी दोन्ही हात काखेत धरायची.

"आज किती?" मी दारातच विचारायचे.

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस म्हणजे ताप फार झाला," तिचे बाबा आतून म्हणायचे. "डॉक्टरला दाखवा."

एवढंच काय ते हसू. आधी मोजणाऱ्या त्या दोघांतला एक, तिचा सीनियर, म्हणाला, तुझा हात चुकतोय. मॅडम म्हणाल्या, "साठ यायलाच हवेत. पुन्हा कर, पण जरा वेगानं." हिनं पुन्हा केलं, वेगानं मात्र नाही. तीन आठवड्यांचे आठ झाले. मी रोज म्हणायचे, सीनियर करतो तसंच कर ना. ती म्हणायची, तसंच करतेय गं.

नवव्या आठवड्यात तिची बफरची बाटली संपली. बफर म्हणजे ज्यात हा सगळा प्रयोग चालतो ते, पीएच सहसा हलू न देणारं द्रावण. त्याचा पीएच साडेसात असावा लागतो. नवीन करायला दिवस गेला असता, म्हणून तिनं सीनियरची बाटली मागून घेतली. आकडा आला एकोणसाठ.

दुसरं कुणी असतं तर देवाचे आभार मानून घरी आलं असतं. ही तिथेच बसली. मग पीएच मोजायचा मीटर उचलून कोल्डरूममध्ये नेला, बिनबटणाचा कोट घातला, मीटर त्या थंडीतच, ठरावीक पीएचच्या द्रावणांवर तपासून, नीट लावून घेतला आणि सीनियरच्या बाटलीत बुडवला. बाटलीवर चिठ्ठी होती साडेसातची. मीटर म्हणाला आठ पूर्णांक एक. तीच बाटली बाहेर आणून ऊबदार होऊ दिली. साडेसात.

त्या दिवशी ती जेवायला बसली आणि जेवता जेवता मला म्हणाली, "आई, तुमच्याकडे पाण्याचा पीएच लिहिताना तापमान लिहिता?"

"लिहितो की. रकाना आहे."

"का आहे रकाना?"

"आहे म्हणून आहे. तू जेव."

मग तिनं समजावून सांगितलं. त्या बफरची खोडच अशी, की तो गार झाला की त्याचा पीएच चढतो. सीनियर लोक बाटली खाली, रसायनाच्या खोलीत तयार करायचे, तिथल्या उबेत साडेसात लावायचे, आणि वर नेऊन चार अंशांवर वापरायचे. तिथे पोचेपर्यंत ती साडेसाताची राहिलेलीच नसायची. एन्झाइमला तो चढलेला पीएच मानवायचा, म्हणून साठ. गोगल मात्र बाटली आधी रात्रभर कोल्डरूममध्ये ठेवून, दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर साडेसात लावायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"मग तू का केलंस तसं?" बाबांनी विचारलं.

"गारच वापरायची होती ना."

माझ्या डोळ्यांसमोर तो जुना कप आला, दूध आलं, साखरेचा डबा आला.

"म्हणजे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी म्हणाले.

"धूरवाल्यांना हे पाठ आहे, आई. त्यांच्या पुस्तकात पहिल्या पन्नास पानांत आहे. पण ते थंडीत काम करत नाहीत. लगदावाले दिवसभर थंडीत असतात, पण बाटली खालून तयार होऊन येते, म्हणजे बरोबरच असणार, असं धरतात. मध्ये चौतीस पायऱ्या आहेत, बास."

दोन्ही शास्त्रं एकत्र शिकवायचा अभ्यासक्रम यासाठीच काढला होता ना? त्या पायऱ्यांवर पडलेली चूक उचलायला तिथून रोज जा-ये करणारं माणूस लागतं. ते यांना मिळालं. मला वाटलं, आता हिचं कौतुक होईल. मी भाबडी.

मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मीटरचे आकडे पाहिले. साठचा आकडा घालून लिहिलेला त्यांचा लेख छापायला गेलेला होता. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर असेलही. ते आपण नंतर बघू. आत्ता अहवाल साठ धरून लिही. सोमवारी समिती आहे."

ही समिती पाचव्या वर्षात कुणाला घ्यायचं ते ठरवते. पहिला टप्पा पूर्ण दाखवला नाही, तर बी.एस्सी.चा कागद हातात देऊन दार उघडून देतात. म्हणजे माझी फट.

आता जे लिहिते ते लिहायला मला आवडत नाही, पण मॅडमचं लिहायचं आणि आपलं झाकायचं हे बरं नव्हे. गोगलनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "मग लिहून टाक. साठ तर साठ. एकदा पाचव्या वर्षात पाय पडला की नंतर दुरुस्त कर."

ती शांतपणे म्हणाली, "तुझं नंतर आलं का, आई?"

टोमणा नव्हता त्यात. एखादा आकडा विचारावा तसं तिनं विचारलं. बाबांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर धरला. मी म्हणाले, "आईशी बोलायची ही पद्धत नव्हे," आणि ओट्याकडे गेले. धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात सकाळच्या बाटल्या आल्या. मी मीटर बुडवला, पीएच लिहिला, आणि सवयीनं शेजारच्या रकान्यात पंचवीस लिहिलं. हात थांबला. मागची पानं उलटली. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. माझंच अक्षर. आमच्या केंद्रात तापमापक भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या मागे. कॅलेंडर सरकवून पाहिलं. एकतीस. आमच्या पाण्याला त्यानं फारसा फरक पडत नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. तरी मला त्या रकान्याकडे बघवेना. तेवीस वर्षं मी एक आकडा न बघता लिहीत आले आणि काल पोरीलाही तेच शिकवायला निघाले होते.

घरी जाऊन तिला एवढंच म्हणाले, "तुला जे दिसलं ते लिही."

"लिहिलंय," ती म्हणाली. माझ्या परवानगीसाठी ती थांबली नव्हती. हळू असली तरी अशा बाबतीत ती थांबत नाही.

सोमवारी मी रजा काढून तिच्याबरोबर गेले. समितीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता, समोर सूचनाफलक, त्यावर मागच्या वर्षीच्या सूचनांचे टाचण्यांसकट कोपरे. दारावरची झडप उघडी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या सीनियरना याला तीन आठवडे लागले. तुम्हाला अकरा," असं एक मऊ आवाज म्हणाला. तो विभागप्रमुखांचा, हे मला नंतर कळलं.

"हो, सर."

"कारण?"

"त्यांनी पीएच ऊबदार असताना लावला होता. मी गार झाल्यावर."

"ते वेगळं प्रकरण आहे. आपण गतीबद्दल बोलतोय."

"सर, गतीचं कारण तेच प्रकरण आहे."

कुणीतरी हसलं. दुसरा आवाज म्हणाला, "बाळ, हा जलद अभ्यासक्रम आहे. नावातच लिहिलंय."

"हो, सर. पण साठ चुकीचे आहेत. मला अहवालात एक्केचाळीस ठेवायचेत. आणि पुढे तापमान लिहायचंय."

"मग पहिला टप्पा पूर्ण झाला असं आम्हाला धरता येणार नाही."

यानंतर मी वाट बघितली की आता मॅडम बोलतील. त्या खोलीत त्या होत्या. मीटरचे आकडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. एक वाक्य पुरलं असतं. कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. बराच वेळ तो फिरत होता. मला त्या तीन सह्यांपेक्षाही त्या चमच्याचा राग जास्त आहे.

गोगल कागद घेऊन बाहेर आली. मी तो वाचला आणि उठून दार ढकललं.

"पालकांना इथे येता येत नाही," प्रमुख म्हणाले.

"मी दारातच आहे," मी म्हणाले. "सर, तिनं तुमची चूक शोधून दिली. त्याला गती असमाधानकारक म्हणतात?"

"हे पाहा, तुम्ही आई आहात, तुमच्या भावना मी समजू शकतो. तुम्ही आत्ता बाहेर बसा. आपण नंतर बोलू."

"किती वाजता?"

त्यांना कळेना. "काय किती वाजता?"

"नंतर म्हणजे किती वाजता, सर? मी रजा काढून आलेय. तुम्ही सांगाल तोवर बसते."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं, मग दारामागच्या शिपायाकडे पाहिलं. मॅडम टेबलाच्या लाकडाकडे बघत होत्या. भिंतीवर प्रमुखांच्या डोक्यामागे एक तापमापक होता. मी तो नीट बघून घेतला. गोगल माझा हात धरून म्हणाली, "चल, आई." दोन तास आम्ही त्या बाकावर बसलो. ते मागच्या दारानं जेवायला गेले होते, असं शिपायानं सांगितलं.

मग सुरू झाली ती फट. बी.एस्सी. हातात, दोन वर्षांच्या एम.एस्सी.ची प्रवेशाची वेळ सात महिने पुढे. पंधरा दिवसांत नणंदेचा फोन.

"वहिनी, पोरगी आता मोकळी झाली म्हणे. एक चांगलं स्थळ आहे बघ, घरंदाज. मुलाला शिकलेली हवी आहे, म्हणजे शिकणारी नको."

"ती मोकळी नाही, ताई."

"मग काय करते?"

"गार होतेय," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. पुढच्या प्रवेशाची तयारी करतेय. लग्नाचं तिचं ती सांगेल. मी काही सांगणार नाही, नंतरसुद्धा नाही."

नणंद दुखावली. ते चालेल. मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना दुखावलं आणि त्या दिवशी मला भूक चांगली लागली. पण ते सात महिने माझे कसे गेले ते मलाच माहीत. ती जरा उशिरा उठली तरी वाटायचं, हिनं नाद सोडला. पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघत बसली तरी वाटायचं, गेली पोरगी फटीत. मी मुद्दाम खोलीत जाऊन धूळ झटकायचे.

"आई, या कपाटावर आता धूळ नाही, कपाटच उरलंय," ती म्हणायची.

चौथ्या महिन्यात मॅडमचा लेख छापून आला. तिच्या जुन्या वर्गमैत्रिणीनं पाठवला. साठ नव्हते. एक्केचाळीस होते, आणि पुढे लिहिलं होतं: पीएच चार अंशांवर साडेसात. लेखावर तीन नावं, मॅडम आणि आधीचे ते दोन विद्यार्थी. गोगलचं नाव नव्हतं, शेवटी आभार मानतात त्या ओळींतही नव्हतं. मैत्रिणीनं शेल्फाचा फोटोही पाठवला. सगळ्या बाटल्यांवर आता नव्या छापील चिठ्ठ्या आहेत. पीएचची एक रेघ आणि तिच्याखाली तापमानाची एक. म्हणजे तिचं म्हणणं त्यांनी ऐकलं. उचललं, छापलं, बाटल्यांना चिकटवलं. फक्त तिला बाहेर ठेवलं. आणि त्या कागदावरचे दोन शब्द मात्र जसेच्या तसे.

मी विभागाला पत्र लिहिलं. लेख जोडला, कागदाची प्रत जोडली, एवढंच मागितलं की तो शेरा काढा. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: आपल्या पत्राचा योग्य वेळी विचार करण्यात येईल. योग्य वेळी. नंतरला इस्त्री केली की असं दिसतं.

"तू नको त्रास करून घेऊ," गोगल म्हणाली. तिला राग येत नाही असं नाही. पण तिचा राग तिच्यासारखाच, सावकाश येतो आणि मग जात नाही. माझा अजून उकळतोय.

दुसऱ्या विद्यापीठाचा अर्ज भरताना एक रकाना आला: आधीचा अभ्यासक्रम सोडण्याचे कारण. समोर एक ओळ. मी आधीच दोन पानं लिहून ठेवली होती, चमच्यासकट. तिनं ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि त्या ओळीवर एकच शब्द लिहिला. तापमान.

"अगं, त्यांना काय कळणार यातून?"

"नाही कळलं तर विचारतील."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर तिथे जाऊन काय करू, आई?"

मुलाखतीला मी पुन्हा बाहेरच्या बाकावर. बाक वेगळा, दारावरची झडप इथेही उघडी. आत एका बाईंचा आवाज आला, "इथे तापमान लिहिलंय. कसलं तापमान?" आणि गोगलनं सांगायला सुरुवात केली. बाटलीपासून. मला वाटलं, अगं आटप. पण आतून कुणी आटपा म्हणालं नाही. मध्येच कुणीतरी विचारलं, "मीटर पण थंडीतच लावून घेतला होतास?" ती म्हणाली, "हो." तो आवाज म्हणाला, "छान." तिच्यानंतरच्या मुलाचा नंबर पाऊण तास उशिरा लागला. तो बिचारा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच आत बसले आहे.

प्रवेशाचं पत्र गेल्या मंगळवारी आलं. सोमवारी ती जाईल. पुढची दोन वर्षं, म्हणजे एकूण सहा वर्षांच्यावर सात महिने. नणंदेनं फोनवर हिशेब करून दाखवलाच: "म्हणजे सरळ वाटेनं गेली असती तर आधी पोचली असती की." तिचे बाबा म्हणाले, "तिला सांग, आगगाडी चुकीच्या गावाला चालली होती." मी सांगितलं नाही. नणंदेला पटणाऱ्यातलं ते नाही.

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. विद्यार्थ्याला बोलायला त्यावर जागा नव्हती, म्हणून मी काल खाली कोऱ्या कडेला पेनानं लिहून ठेवलं. मी त्या खोलीच्या दारात उभी होते, भिंतीकडे बघितलं होतं, न बघता लिहिलेलं नाही.

गती असमाधानकारक. तापमान अठ्ठावीस.